तपासल्याची ओळ

मंगळ., ६ जाने.
पुन्हा पडलं. तिसऱ्यांदा. लॅबमधल्या टेबलाखालचं जुनं मशीन, ज्याला माझ्या शेजारी बसणारी रुबीना म्हैस म्हणते. जेवून आले तर मेलेलं. स्क्रीनवर तीच ओळ : परत देऊन टाकलेली मेमरी कोणीतरी वापरली. मागच्या दोन्ही वेळी सगळ्यांनी हार्डवेअरवर ढकललं. "मित्रा, रॅम बदल आणि सुखी हो," इति रु. (संघमित्राची मित्रा तिनेच केली.) दोनदा बदलली. सुखी काही झाले नाही.
देशमुख सर म्हणाले, आपलं काम आपण विकतो त्या कंट्रोलच्या डब्यात ड्रायव्हर, म्हणजे उपकरण चालवणारा कोड, बसवायचं; कर्नल, म्हणजे जगभरचे लोक मिळून सांभाळतात तो सिस्टिमचा गाभा, दुरुस्त करायचं नाही. मान्य. पण उद्या आपलाच डबा कुठल्या तरी गोदामाच्या गेटवर पडला की फोन कोणाला येणार? मलाच.

गुरु., ८ जाने.
आज गंमत. नक्की कुठे पडतं ते कळावं म्हणून कोडमध्ये चार ठिकाणी "इथे आलो" असं छापायला लावलं. दिवसभर एकदाही पडलं नाही. चारही ओळी काढल्या. चहा यायच्या आत पडलं. पुन्हा घातल्या, ठणठणीत. पुन्हा काढल्या, आडवं.
म्हणजे बघायला गेलं की शहाण्यासारखं वागतंय. रॅम नाही, वायर नाही, वेळेचा खेळ आहे. छापायला जो इवलासा उशीर होतो तेवढ्याने सगळं सुरळीत होतं. दोन कामं एकाच वेळी एकाच जागेवर येऊन आपटतायत. रु.ला दाखवलं. तिने माझी खुर्ची ओढून घेतली, स्वतः तीनदा करून बघितलं, आणि म्हणाली, "रॅमचे शब्द मागे." तिच्याकडून हे ऐकायला दोन आठवडे लागले.

शनि., १० जाने.
सापडलं!
कोड छापून घरी आणला होता. अकरा पानं. पेन्सिल घेऊन बसले, सकाळी आठपासून. ड्रायव्हरचा एक हात विचारतो, उपकरण उघडं आहे ना? उत्तर येतं, आहे. मग तो आत जातो. विचारणं आणि आत जाणं, या दोन्हींच्या मध्ये कुलूप नाही. तेवढ्यात प्रोसेसरच्या दुसऱ्या कोअरवर, म्हणजे त्याच्या दुसऱ्या डोक्यात, चाललेलं काम उपकरण बंद करतं आणि त्याची जागा परत देऊन मोकळं होतं. पहिला बिचारा जुन्याच पत्त्यावर. पापणी लवायला लागतो त्याच्या कितीतरी कमी वेळाची फट.
हे इतकी वर्षं असंच पडून आहे. जगभरच्या भल्याभल्यांनी वाचलं असेल. दिसलं मला, जुईनगरला, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, शेजारी निवडायची मेथी. आज मी स्वतःवर भयंकर खूश आहे. लिहून ठेवते, कारण असे दिवस फार येत नाहीत.
बाबांनी विचारलं, एवढं काय हसतेस. सांगितलं. बाबा कळंबोलीच्या लोखंड बाजारात काट्यावर होते, गाड्यांची वजनं घ्यायला, निवृत्त होईपर्यंत. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे गाडी काट्यावर चडवली, वजन बगितलं, आनि पावती लिवायला मान खाली घातली. तेवड्यात कोनीतरी..."
"हो बाबा, तेवढ्यातच."
"आमच्याकडे पान्याचा पिंप उतरवायचे. मी मान खाली घालायचोच नाय. गाडीकडे बगत लिवायचो."
त्यांचं अक्षर एवढं वेडंवाकडं का, ते आज कळलं.

सोम., १२ जाने.
म्हशीवर एक साधं खातं काढलं. काही अधिकार नसलेलं, पाहुण्याचं. त्यात छोटा प्रोग्रॅम : आठही कोअर कामाला लावायचे, अर्ध्यांनी उपकरण वापरत राहायचं, अर्ध्यांनी बंद करत राहायचं. वीस मिनिटांत पडलं. पण नुसतं पडणं वेगळं आणि ताबा मिळणं वेगळं. दुपारभर त्याच्यामागे लागले. चार वाजता मशीनला विचारलं, मी कोण? म्हणालं, रूट. सगळ्याची मालकीण. भाडेकरू म्हणून शिरले आणि घराची कागदपत्रं माझ्या नावावर.
मग हसू आलं. मग ते थांबलं, कारण हाच ड्रायव्हर आमच्या डब्यांत आहे आणि जगात आणखी कुठेकुठे असेल ते देव जाणे.
रु. म्हणाली, "अगं बाई. आधी नेटवर्कची वायर काढ." काढली.

मंगळ., १३ जाने.
सरांना दाखवलं. दोनदा बघितलं, मग केबिनचं दार लावून घेतलं. अशी गोष्ट कर्नल सांभाळणाऱ्यांच्या बंद मेल-यादीवर कळवायची असते. दुरुस्ती तयार होऊन जाहीर होईपर्यंत बाहेर ब्र काढायचा नाही. इथवर एकमत.
मग म्हणाले, "टीमच्या पत्त्यावरून पाठवू. शेवटी टीमचं यश आहे, संघमित्रा."
टीमने रॅम बदलायला सांगितली होती, सर. हे मी मनात नाही, मोठ्याने बोलले. रु.ला ठसका लागला.
माझा हट्ट आहे, आणि का आहे ते मला माहीत आहे. कर्नलच्या प्रत्येक दुरुस्तीखाली ओळी असतात : कोणी कळवलं, कोणी लिहिलं, कोणी तपासलं. त्या ओळी कायमच्या. कंपन्या बुडतील, आमचे डबे भंगारात जातील, त्या ओळी राहतील. तिथे मला माझं नाव हवंय. अकरा वर्षं दुसऱ्यांच्या ओळी वाचतेय.
शेवटी सर म्हणाले, नाव तुझं, पत्ता कंपनीचा. "मित्रा जे. असं घालू?"
"संघमित्रा जाधव. अख्खं."

बुध., १४ जाने.
अकरा वाजून दहा मिनिटांनी पाठवलं. संक्रांत. सरांनी तिळगूळ दिला, मीही दिला. दोघं गोड बोललो. जरा जास्तच.

शुक्र., १६ जाने.
उत्तर! त्या भागाचे जे मेंटेनर आहेत, म्हणजे ज्यांच्या होकाराशिवाय तिथे एक अक्षर हलत नाही, त्यांचं. कोण, कुठले, काही माहीत नाही. पण मेल इतकं तुटक आणि इतकं नीट की मी त्यांना आजोबा म्हणायचं ठरवलंय. "वाचलं. चालवून पाहिलं. बरोबर आहे. चांगला शोध. दुरुस्ती मी लिहितो."
"चांगला शोध" हे दोन शब्द मी संध्याकाळपर्यंत नऊ वेळा वाचले. मोजले.

सोम., १९ जाने.
विशेष काही नाही. रु.ला तिच्या एका वेगळ्याच भानगडीसाठी म्हैस शांत हवी होती, तशी करून दिली. भाजीला उशीर.

मंगळ., २० जाने.
आजोबांचा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा कोड, आला. दोन ठिकाणी कुलूप. सुंदर लिहिलाय, एक शब्द जास्तीचा नाही. खाली ओळ : कळवणारी, संघमित्रा जाधव. आणि प्रश्न : तपासून सांगशील का?
सांगशील का म्हणजे काय! लगेच म्हशीवर चढवला. माझा प्रोग्रॅम लूपमध्ये लावला. आता बघत बसायचं.

शुक्र., २३ जाने.
तीन दिवस अखंड. एकदाही पडलं नाही. आधी वीस मिनिटं टिकत नव्हतं. दुपारी कळवलं : तपासलं, टिकतं. आजोबांनी तासाभरात दुसरी ओळ घातली : तपासणारी, संघमित्रा जाधव. एकाखाली एक, दोनदा मी. पुढच्या शुक्रवारी, ३० तारखेला, पॅच आणि बातमी दोन्ही एकदम जाहीर होणार.
आईला फोन केला, ती भावाकडे चिपळूणला. तिला काही कळलं नाही. म्हणाली, "बरं झालं गो बाय माजी." पुरे झालं.

रवि., २५ जाने.
बाबांना निक्षून सांगितलं होतं की कुठे बोलायचं नाही. विहारात वंदना झाल्यावर बघते तर बाबा मध्यभागी, भोवती दहा-बारा जण. "कॉम्पुटरच्या पोटात माज्या पोरीचं नाव लिवलंय. दोनदा! पुसता येत नाय ते."
घरी येताना झापलं. म्हणाले, "ड्रायवरचं नाव कुटं सांगितलं मी? मला येतंच नाय." तेही खरं. राग धरून बसायचा प्रयत्न केला, जमलं नाही. शेजारच्या काकू जिन्यात थांबून माझ्याकडे नव्याने बघत होत्या, आणि मला ते आवडलं.

मंगळ., २७ जाने.
आजचं लिहायला नको वाटतंय. लिहिते.
सकाळी म्हशीवर वेगळंच काहीतरी मोजायचं होतं. काम आठ कोअरवर वाटून दे, असं सांगितलं. म्हणाली, माझ्याकडे एकच आहे. वाटलं टाइप करताना चुकलं. पुन्हा विचारलं. एक.
१९ तारीख. रु.साठी म्हैस शांत केली, ती अशी : मशीन सुरू होतानाच सात कोअर बंद करायला सांगितले. परत चालू करायचे राहिले. म्हणजे २० ते २३ माझी तपासणी एका कोअरवर चालली होती. दोन माणसं एकमेकांना धडकतात का हे पाहायला मी एकाच माणसाला तीन दिवस खोलीत फिरवत होते. धडकणार कोणाला?
सेटिंग बदललं की मशीनवर पिवळी चिठ्ठी चिकटवायची, असा लॅबचा नियम आहे. नियम मी केलाय. भिंतीवर माझ्या सहीने लावलाय. म्हशीवर चिठ्ठी नाही.
अकरा वाजता आठ कोअरवर पुन्हा लूप लावला. सरांना सांगितलं. ते चिडले नाहीत, हे जास्त वाईट. म्हणाले, "पॅच त्यांनी लिहिलाय, तो बरोबरच असणार. गुपचूप चालू दे. शुक्रवारच्या आत स्वच्छ निघेल, विषय संपला. जगाला कशाला सांगायचं?"
माझ्या मनात पहिला विचार नेमका हाच आला होता, सरांच्याही आधी. इथे कोणी वाचत नाही, तेव्हा खरं लिहायला हरकत नाही.

बुध., २८ जाने.
चोवीस तास झाले, पडलेलं नाही. सरांचं खरं ठरणार असं दिसतंय.
बसमध्ये महापेपर्यंत तेच डोक्यात. आज ना उद्या पॅच चांगला निघेल, मग माझी ओळ आपोआप खरी होईल? नाही होणार. मी लिहिलं तेव्हा मी तपासलेलं नव्हतं. आणि त्या ओळीवर विसंबून लोक शुक्रवारी हजारो मशीनवर हे चढवणार. ती ओळ म्हणजे शोभेचं पान नाही. निकाल आला की मग कबूल करू म्हणणं म्हणजे निकाल बघून खरं बोलायचं की नाही ते ठरवणं.
साडेबाराला यादीवर पाठवलं. "माझी तपासल्याची ओळ कृपया काढा. माझं मशीन एकाच कोअरवर चालत होतं, हे मला काल कळलं. चूक पूर्णपणे माझी. आठ कोअरवर पुन्हा लावलं आहे. चोवीस तासांत पडलेलं नाही, पण एवढ्यावरून मी काहीही म्हणणार नाही." रु. म्हणत होती, माझ्यासाठी केलंस, माझंही नाव घाल. म्हटलं, चिठ्ठी मी चिकटवायची होती.
मेल गेल्यावर दहा मिनिटं कानशिलं तापलेली. मग एकदम हलकं. इतकं हलकं तर नाव लागलं तेव्हाही वाटलं नव्हतं.
बाबांना सांगितलं आणि हलकेपणा संपला. "काडलंस? सोताहून? कोनी इचारलं पन नवतं?" नाही. "मग मी रविवारी लोकांना काय सांगू?" जेवले, पण लोणचं मागितलं नाही. म्हणजे खरंच रागावलेत.

गुरु., २९ जाने.
सकाळी आजोबा : "ओळ काढली. शुक्रवार रद्द. तुझं होईपर्यंत थांबतो." बस, एवढंच. यादीवरच्या एका शहाण्याने मात्र लिहिलं की मशीनला कोअर किती आहेत हे न मोजणाऱ्यांचं आपण ऐकतो तरी का. झोंबलं. खोटं असतं तर एवढं झोंबलं नसतं. सरांनी तो मेल वाचला असणार, पण विषय काढला नाही. आभारी आहे.
दुपारी तीन चाळीस. मी जेवणाचा डबा धुवायला बेसिनपाशी. रु.ची किंकाळी : "मित्राऽ, म्हैस बसली!"
पळत आले, हाताला साबण. तीच ओळ स्क्रीनवर. परत दिलेली मेमरी. बावन्न तास चाळीस मिनिटांनी. मी नाचले. टेबलाला धरून, पण नाचले. सर काचेतून बघत होते.
पाच वाजेपर्यंत कारण मिळालं. उपकरण फारच वेळ उत्तर देईना झालं की ड्रायव्हर कंटाळून ते स्वतःच बंद करतो. क्वचित होतं, म्हणून बावन्न तास. आजोबांनी पुढच्या दाराला कुलूप घातलं, खिडकीला घातलं, हे मागचं दार राहिलं. उद्या जाहीर झालं असतं तर सगळ्या जगाला कळलं असतं की या घरात चोरी होऊ शकते, आणि मागचं दार उघडं. वर पाटी माझ्या नावाची : तपासलं, टिकतं.
सगळं लिहून पाठवलं. सर केबिनबाहेर आले, म्हणाले, "बरं झालं माझं ऐकलं नाहीस." माणूस वाईट नाही. मी पण "हो सर" म्हटलं. नाही म्हणण्यासारखं नव्हतंच.

शुक्र., ३० जाने.
आजोबा : "बरोबर आहे. मागचं दार मी विसरलो. ती वाट तुला माझ्यापेक्षा चांगली समजली आहे. पॅच तू लिहितेस का?"
वाचलं. पुन्हा वाचलं. बाथरूममध्ये जाऊन रडले, दोन मिनिटं. तोंड धुतलं. आले आणि लिहिलं, हो.
कळवणं निराळं, तपासणं निराळं. हे लिहिणं आहे. कर्नलमध्ये माझा कोड. मला माझा फार अभिमान वाटतोय आणि आज त्याची लाज वाटत नाही.

रवि., १ फेब्रु.
शनिवारी दिवसभर लिहिला. तीनदा खोडला. पहिल्यांदा सगळ्यालाच एक मोठं कुलूप घातलं, तर ड्रायव्हर बैलगाडीच्या वेगाने चालायला लागला. दुसरा बरा होता, पण वाचताना मलाच कळेना. तिसरा एकोणीस ओळींचा. तो बरा आहे. बरा नाही, छान आहे.
बाबा सकाळी करावेला जाऊन जिताडा घेऊन आले, म्हणजे तह झाला. मासेवाल्या मावशीचं सांगत होते, "घे रे दादा, खारीतला हाय, रातचा," आणि भाव काही कमी करेना. विहारात मी मुद्दाम लांब बसले. तरी ऐकू आलं. आवाज मागच्या रविवारपेक्षा मोठा. "नाव लागलं व्हतं, तिनं परत घेतलं! सोताहून! तुमी सांगा, कोन घेतं परत?" कोणीतरी विचारलं, मग आता नाव नाही? बाबा म्हणाले, "पयल्या ओळीत हाय. दुसरीचं बगू." मग घरी येताना हळूच, "तुजी आजी अशीच व्हती, डोकं फिरलेली." आमच्या घरात यापेक्षा मोठी शाबासकी नाही.

सोम., २ फेब्रु.
पॅच यादीवर पाठवला. पाठवण्याआधी रु.कडून वाचून घेतला, सरांकडूनही. सरांनी एका शब्दाच्या स्पेलिंगची चूक काढली, आणि त्याचा त्यांना दिवसभर आनंद होता. आजोबा : "वाचतोय. तपासायला दुसरं कोणीतरी लागेल." अर्थात. ज्याने लिहिलं त्यानेच तपासलं म्हणायचं, हे चालत नाही. रु. स्वतःहून म्हणाली, मी तपासते.
तिने तिचं नवं मशीन घेतलं, म्हैस नाही. सुरू करताना कोअर मोजले, मोठ्याने, एक ते सोळा, शाळेत पाढे म्हणतात तशा सुरात. सगळी लॅब हसली. मीही. टोमणा हक्काचा आहे तिचा.

मंगळ., ३ फेब्रु.
आजोबा वाचून झाले. एका ठिकाणी नाव बदलायला सांगितलं, बाकी "ठीक". ठीक! आता अडलंय ते फक्त रु.च्या ओळीवर. तिची ओळ आली की तारीख ठरणार.
तिचं मशीन सव्वीस तास चाललंय. मी आज तिच्या टेबलावरून सात वेळा गेले. पाणी भरायला, म्हणे. चौथ्या वेळी तिने स्क्रीन माझ्याकडून फिरवून घेतली. सहाव्या वेळी म्हणाली, "अगं, तुझा पॅच आहे म्हणून नाही, कोणाचाही असता तरी मी घाई केली नसती. तूच शिकवलंस ना परवा सगळ्या जगाला? शुक्रवारपर्यंत विचारू नकोस. विचारलंस तर दोन दिवस वाढवीन."
सातव्या वेळी विचारलंच.
आता रविवार.